बाबांच्या बाजूची कड

प्रिय फीयक्रा,

शनिवारी तुला फुटबॉलच्या मॅचमध्ये शेवटी शेवटी मैदानात उतरवलं, ते फोनवर ऐकलं. त्या इंग्रज निवेदकाने तुझ्या नावाचा परत चेंदामेंदा केला. एवढी वर्षं तिकडे काढलीस, पण त्यांची जीभ काही वळत नाही. गुडघ्याचं विचारलं की तू 'बरा आहे' म्हणतोस. जन्म मी दिलाय तुला, मला नको शिकवूस.

पंधराव्या वर्षी तू इंग्लंडच्या विमानात बसलास, तेव्हा अख्खा गाव निरोपाला आला होता. चार वर्षांनी त्या मोठ्या क्लबने तुला काढलं, तर घरी यायचं सोडून तू लहान क्लबात गेलास, मग त्याहून लहान. उजव्या कडेने धावत धावत एकेक पायरी उतरत आलास. परत आलेल्या पोराला आपल्याकडे कोणी वाईट बोलत नाही, फक्त "किती दिवस आहेस?" एवढंच विचारतात. तो प्रश्न तुला सोसत नाही, हे मला कळतं.

इकडे मात्र बाबांवर गाव रुसला होता. समोरून गाडी आली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, एवढं तर आपल्याकडे माणूस वैऱ्यासाठीही करतो. बाबांनी तेच बंद केलं. आपल्या शेजारच्या अट्रॅक्टाने मला पोस्टाजवळ गाठलं. "काय गं नोरीन, मॅलकीचं आम्ही काय घोडं मारलंय? मी बोट उचलते आणि हा सरळ निघून जातो. पोरगा इंग्लंडात खेळतो म्हणून एवढी मिजास?" मी म्हटलं, "अगं, घरात माझ्याशी बोलत नाही तो, तुझं काय घेऊन बसलीस." तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

घरी येऊन मात्र बाबांना फैलावर घेतलं. ते कितीतरी वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "नोरीन, समोरून गाडी आली एवढं कळतं मला. आत कोण बसलंय ते दिसत नाही." डॉक्टर म्हणतात, डोळ्यांची नस सुकत चालली आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वर्षभर टिकली तर टिकली. गाडीच्या किल्ल्या मी पिठाच्या डब्यात लपवल्या. अट्रॅक्टाला खरं सांगितलं तेव्हा ती रडली. आता तीच बाबांना रविवारी चर्चला नेते आणि वाटेत दोघांच्या वतीने बोट उचलते.

परवा तिने त्यांना आपल्या गावच्या क्लबची मॅच बघायला नेलं. परत आल्यावर मला म्हणाले, "गोल झाला तो लोकांच्या ओरडण्यावरून कळला. पण कठड्याला लागून उजवीकडचा पोरगा पळत होता ना, तो दिसला मला. त्याचा एक मोजा खाली आलेला होता." एवढं बोलून ते कोंबड्या कोंडायला गेले. मी चुलीपाशी बसून रडून घेतलं.

त्याच क्लबच्या प्रशिक्षकाने तुला इकडे खेळायला बोलावलंय आणि तू शुक्रवारी नकार कळवणार आहेस, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. डोळ्यांचं तुला सांगायचं नाही, असं बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी मोडतेय, फादरपुढे काय ते कबूल करीन. "पोराने दया म्हणून येऊ नये," असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, दया म्हणून ये, काय बिघडलं? तू मैदानाच्या मध्ये खेळणारा असतास तर मी हे लिहिलंच नसतं. पण बाबांना आता मैदानाची फक्त कठड्याजवळची कड दिसते, आणि तू कडेलाच धावतोस. मध्यांतरात तुमच्या बाजू बदलल्या की अट्रॅक्टा त्यांना हाताला धरून पलीकडे नेईल, आमचं ठरलंय. पूर्वीचा वेग राहिला नाही म्हणतोस ना? नसू दे. हळू धावलास तर त्यांना जास्त वेळ दिसशील.

तुझीच,
आई