खरवडलेल्या चिपा आणि नोरीन पास्को

मी, आयव्हर मेलरोझ, वय ७४, निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, राहणार टूवूम्बा, क्वीन्सलँड, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. वकील हॅलोरन टाइप करून देणार होते. पण टाइपात कुणी एखादी ओळ घुसवली, तर मेल्यावर मला कुठे कळणार?

१. राहते घर मुलगी ब्रॉनविन हिला. गेल्या नाताळात जावई व्हरांडा पावलांनी मोजत होता. मी पाहिले आहे. म्हणून घर फक्त तिच्या एकटीच्या नावे.

२. मीटर आणि सोल्डरिंगची हत्यारे आमच्या हौशी सिंथेसायझर मंडळाला. मंडळातल्या दोघांना नेलेली वस्तू परत करायची सवय नाही. त्यांना हात लावू देऊ नये. ते दोघे कोण, हे त्यांना ठाऊक आहे.

३. मी घरी बनवलेला सिंथेसायझर मंडळातली माझी जुनी सोबतीण नोरीन पास्को हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

या यंत्रात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. आकड्याचे व्होल्ट करणारी चिप जराशी घसरली तरी गाणे बेसूर. ती निवडताना नोरीन म्हणाली होती, "आयव्हर, ओळखीच्या दुकानातली बारा बिटांची घे. नुसती छापलेली सोळा घेण्यापेक्षा मोजून घेतलेली बारा बरी." जितके बिट जास्त तितका सूर नेमका, म्हणून मला सोळा बिटांचीच हवी होती. अनोळखी विक्रेत्याकडून तसल्या दहा चिपा स्वस्तात मागवल्या. एक बसवली, उरलेल्या नऊ प्लास्टिकच्या नळीत घालून सील केल्या.

२०१३ साली मंडळाच्या कार्यक्रमात वरच्या सप्तकात बेसूर होऊन यंत्राने माझी अब्रू घालवली. आदल्या दिवशी त्याला फक्त नोरीनचा हात लागला होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "माझी चांगली चिप काढून हलकी तूच बसवलीस."

"मग घे झडती," म्हणत तिने पर्स टेबलावर उपडी केली. मी ती खरोखर तपासली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी सामानाची यादी करताना ती नळी सापडली. सील माझेच, त्यावरची सहीही माझीच. तरी संशय आला, तो मला येतोच, म्हणून अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने एक चिप पुसली. छापलेला आकडा बोळ्यावर उतरला. खाली खरवडल्याच्या रेघा आणि बारा बिटांच्या हलक्या चिपेचा अर्धामुर्धा क्रमांक. नऊच्या नऊ तशाच, मग यंत्रात बसवलेली दहावीही तशीच.

म्हणजे लबाड तो विक्रेता आणि मूर्ख मी. नोरीनने काहीही केले नव्हते. मी चुकलो. मला त्याची फार लाज वाटते.

सह्यांपूर्वीची नोंद: हे वाचायला मी नोरीनला बोलावले. ती आली, याचेही मला नवल वाटले. तिने तिसरे कलम दोनदा वाचले आणि पेन मागितले.

हॅलोरन घाईने म्हणाले, "अहो बाई, साक्षीदार म्हणून सही केलीत तर यंत्र तुम्हाला मिळायचं नाही. इथला कायदाच तसा आहे."

"ठाऊक आहे," नोरीन म्हणाली. "यंत्र कुणालाही द्या. आपण चुकलो असं यानं लिहिलंय ना? त्याच्याखाली मला माझी सही हवीय."

आयव्हर मेलरोझ (सही)

साक्षीदार:
१. नोरीन पास्को (सही)
२. जेराल्ड हॅलोरन, वकील (सही)

टूवूम्बा, ६ ऑगस्ट २०२४