एकाच कुरुंदाचे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुझी प्रकृती उत्तम असणार. रागावलेली माणसं सहसा आजारी पडत नाहीत. नऊ वर्षांनी पत्र कशाला, असं विचारशील. कारण अगदी किरकोळ आहे.

परवा दुकानात एका शिंप्याच्या कात्रीला धार लावताना माझ्या अंगठीतला नीलम निसटला आणि चाकाखालच्या पाण्याच्या डब्यात पडला. (आईने दिलेला. तुला लाल माणिक, मला निळा नीलम. त्या खड्यांवरून आपली खडाजंगी झाली, "लाडक्या लेकीला लाल" असं मी चारचौघांत बोललो आणि तू मला तांदळातल्या खड्यासारखं वगळलंस.) डब्यातला सगळा गाळ मी चहाच्या गाळणीतून गाळला. ती गाळणी आमच्या हिने आता दुकानाला बहाल केली आहे. खडा सापडला, पण टवका उडाला की काय ते पाहायला रत्नपारख्याकडे गेलो.

पारखी म्हणजे बोलताना डोळ्यावरचं भिंग काढायला विसरणारा गृहस्थ. म्हणाला, आत रेशमासारखे धागे आहेत, एका कोपऱ्यात ढगाळ डाग आहे, म्हणजे जमिनीतून निघालेला अस्सल माल. अगदी नितळ असता तर शंका आली असती. (आपल्या घराण्याला लागू पडेल असं इतकं चांगलं मी पहिल्यांदाच ऐकलं.) मग मी सहज विचारलं, माणिक याच्याहून कितीसं वरचं? तर म्हणतो, "अहो, वरचं-खालचं कसलं? दोन्ही कुरुंदच. घडताना कणभर क्रोमियम मिसळलं की लाल, लोखंड आणि टायटॅनियम मिसळलं की निळा."

कुरुंद, ताई! ज्याच्या भुकटीच्या चाकावर बाबांनी जन्मभर सुऱ्या घासल्या आणि आता मी घासतो, तोच. म्हणजे आईने वाटणी अगदी सारखी केली होती आणि मी नऊ वर्षं जिभेलाच धार लावत बसलो. हे केवळ माहितीसाठी कळवतो आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : टवका उडालेला नाही.

ता. क. २ : टवका पाहायला गेलो हे अर्धसत्य. तुझ्यापेक्षा मला किती कमी मिळालं, ते एकदा जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं.

ता. क. ३ : पारखी म्हणतो, दोन्ही शेजारी ठेवून पाहायला मजा येईल. खडा टाकून पाहतो आहे, हे तू ओळखलंच असशील. माणिक घेऊन ये. माणिक विसरलीस तरी चालेल.