डिकीला मारलेलं वेल्डिंग

२ जून
आलो एकदाचा पनवेलला! एसटी स्टँडमागे कमलाकर काकांचा गाळा, वर झोपायला खोली, आणि गाळ्यात ती! १९३६ची इंग्लिश गाडी, दोन दारं, वर कापडी टप. काकांच्या वडिलांची. काकांनी ती मला विकलीच, शिवाय काम होईपर्यंत गाळाही वापरायला दिला. देवमाणूस! पुण्यातली नोकरी सोडल्यापासून बायको, चारुता, माझ्याशी कामापुरतंच बोलते. दिवाळीपर्यंत गाडी विकून घरी ये, नाहीतर तिथेच राहा, असं बजावलंय तिने. येतोच की.

१७ जुलै
इंजिन सुरू झालं. टपाला नवं कापड चढलं. कटकट एकच, मागची डिकी. अशा गाड्यांत मागच्या झाकणाखाली आणखी एक बैठक असते, झाकण उघडलं की मागे माणूस बसू शकतो. इथे ते झाकण वेल्डिंग मारून कायमचं बंद केलेलं. काका म्हणतात, वडिलांनी केलंय, राहू दे तसंच. अहो, राहू दे काय? मूळ रूपात नसेल तर शौकीन लोक गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. कापलं सरळ. आत चामड्याची बैठक, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी दबलेली. हात लावला तर कोमट. ग्राइंडरमुळे असेल.

६ सप्टेंबर
आणखी एक गिऱ्हाईक गेलं. सगळे हसत चक्कर मारायला निघतात, पळस्प्यापर्यंत जाऊन येतात, किल्ली टेबलावर टाकतात आणि चालू पडतात. आजच्या डॉक्टरांना अडवून कारण विचारलंच. म्हणाले, तुम्हाला बरोबर यायचं होतं तर पुढे बसायचं, मागे बसून सारखी कुरकुर कसली करत होता? मी? मी इथे टायर पुसत होतो! वैताग आलाय नुसता. या लोकांना गाडी नको असते, फुकट फिरायचं असतं.

२ ऑक्टोबर, दसरा
काका झेंडूचा हार घेऊन आले आणि सरळ गाडीच्या मागे गेले. त्यांच्या घरी हार बॉनेटला नाही, डिकीच्या बंद झाकणाला घालतात म्हणे. ते उघडं पाहिलं आणि हार तसाच हातात राहिला. सोनं न देताच माघारी वळले. मागोमाग घरी गेलो तर दार लावून घेतलं. इतका राग आला मला! परत आलो तर डिकीतून आवाज येत होता. माझाच. सकाळपासून जे जे पुटपुटलो होतो ते सगळं, शब्दन् शब्द.

११ ऑक्टोबर
झोप नाही. भीती वाटते, आणि त्याहून जास्त संताप होतो. आता तो चारुताला हाक मारतो. माझ्यापेक्षा गोड मारतो.

१३ ऑक्टोबर
विकली! घाटकोपरच्या हेतलबेन, चक्कर न मारताच तयार झाल्या. डिकी बंद असली तरी चालेल म्हणाल्या. करंज्याहून शैलेशला बोलावलंय, बोटींना वेल्डिंग मारतो तो. त्याला बजावलं, आतून काहीही ऐकू आलं, अगदी माझ्या आवाजात हाका आल्या, तरी थांबायचं नाही. तो हसला. म्हणाला, "आमी हातात घेतलेलं काम सोडत नाय, सायब. तुमी बिनघोर राहा."

१५ ऑक्टोबर
हेतलबेनचा फोन. डिकीच्या तळाला बॉडी नंबरची पट्टी असेल, तो नंबर उतरवून पाठवा. आत्ता सुचलं बाईंना! शैलेश यायच्या आत उरकतो. फोन टेबलावर चार्जिंगला. वही आणि टॉर्च घेऊन आत —

झाकण पडलं. आतून उघडत नाही.

शैलेशची बाइक आली. मी ओरडतोय, आतून लाथा मारतोय —

ऐकलं त्याने. विचारतोय, सायब, तुमचाच आवाज येतोय आतून, काय करू?

बाहेरून कुणीतरी उत्तर दिलं. माझ्या आवाजात. काय सांगितलं होतं तुला? मार वेल्डिंग.

इथे आत माझ्याशिवाय कुणीच नाही —

मशीन सुरू. कडा तापतेय. धूर —

फोन वाजतोय. चारुताची रिंग. उचलला त्याने, माझ्या आवाजात. गाडी विकली म्हणतोय. निघालोच घरी म्हणतोय. किती प्रेमाने बोलतोय —

चारुता, दार उघडू नकोस, तो मी ना—