'गार्डियन'मागचे शेपूट

प्रति,
मा. पालकत्व अधिकारी (प्रो टेम),
बाल-पालकत्व कार्यालय, दुसरा मजला.
(लिफ्ट बंद असल्यास जिन्याने यावे. लिफ्ट बंदच आहे.)

विषय : भाचीच्या कानाच्या ऑपरेशनसाठी, माझ्या दाखल्यावरील 'गार्डियन' या शब्दामागे जोडलेले 'फॉर द टाइम बीइंग' हे शेपूट कापण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा दाखला, जो चालत नाही.
२) त्याच दाखल्याच्या दुरुस्तीचा दाखला, जो त्याहून चालत नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज करण्यात येतो की,

१. मी धंद्याने लिफ्ट मिस्त्री आहे. माझी धाकटी बहीण वारली तेव्हा तिची मुलगी रांगत होती. मेहुणे त्याआधीच अपघातात गेलेले. मुलीला घेणारे दुसरे कोणी नव्हते, आणि असते तरी मी दिली नसती. घरात तिला मनी म्हणतात. आज ती सहावीत आहे. तिला गोवर निघाला तेव्हा तिच्या मामीने तिला मांडीवरून खाली ठेवले नाही, आणि तिचा पहिला दात माझ्याच बोटात रुतला. यापैकी काहीही आपल्या दप्तरी नाही, कारण त्यासाठी रकाना नाही.

२. मुलीला शाळेत घालायचे म्हणून मी आपल्याकडे पालकत्वाचा दाखला मागितला. तो मिळाला. त्यावर माझे नाव, नावापुढे 'गार्डियन' आणि गार्डियनच्या मागे 'फॉर द टाइम बीइंग'. हे काय म्हणून विचारले, तेव्हा खिडकीतले मोठे लिपिक म्हणाले, "काही नाही हो मिस्त्री, पद्धत आहे. सगळ्यांनाच लावतो." ते खोटे बोलले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या हेलपाट्यांत ही पद्धत मी नीट पाहिली. माणसाच्या हुद्द्यामागे आपण 'प्रो टेम' लावता. हुकुमामागे 'इन द इंटरिम'. शौचालयाच्या दारावर 'अंटिल फर्दर नोटिस', आणि त्या दाराला आता कोळ्यांनी जाळी धरली आहेत. नात्यामागे आणि कपाटामागे मात्र एकच, 'फॉर द टाइम बीइंग'. नाते आणि कपाट यांत आपले कार्यालय भेद करीत नाही. त्या कपाटाचे पाय गंजून फरशीला चिकटले आहेत, ते आता इमारत पडेल तेव्हाच हलेल. पण कोणी त्याला कायमचे म्हटले, तर म्हणणाऱ्यावर जबाबदारी येईल, आणि जबाबदारीला आपण पाल अंगावर पडल्यासारखे झटकता.

आपल्या मराठीत 'तात्पुरता' हा शब्द आधी येतो. 'तात्पुरता पालक' म्हटले की माणूस दारातच सावध होतो. इंग्रजीत आधी पालकत्व हातात देतात आणि माणूस खूश होऊन जिना उतरू लागला की मागून हळूच काढून घेतात. हे काम इंग्रजीत का चालते, ते मला तेव्हा कळले. तात्पुरते काम माझ्याही धंद्यात असते. पण लिफ्टच्या दोराला 'दोर, फॉर द टाइम बीइंग' अशी चिठ्ठी लावून मी माणसे वर पाठवली, तर मला आत टाकतील. आपल्याला बढती मिळते.

३. शाळेने त्या शेपटाकडे लक्ष दिले नाही, कारण शाळा कशाकडेच लक्ष देत नाही. मागच्या वर्षी मनीचे कान वाहू लागले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की दोन्ही कानांमागचे हाड आतून पोखरले जात आहे, औषधाने ते थांबणार नाही, कापून काढावे लागेल, आणि उशीर केला तर ऐकू येणे जाईल ते परत येणार नाही. डावा कान जास्त बिघडलेला, म्हणून आधी डावा घ्यायचे ठरले. मुलीला उपाशीपोटी नेले, हिरवा झगा घातला, कानामागचे केस कापले. मग हॉस्पिटलच्या कचेरीतले एक गृहस्थ संमतीपत्रासोबतचा आपला दाखला वाचत बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्ही आज पालक आहात हो, पण उद्या नसलात तर आम्ही कोणाला धरायचं? बिनशेपटाचा कागद आणा." मुलीला झगा उतरवून घरी आणले. कापलेल्या केसांवर मामीने रुमाल बांधला.

४. मी त्याच दिवशी आपल्या खिडकीशी आलो. मोठ्या लिपिकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग ऑपरेशनही फॉर द टाइम बीइंग करा म्हणावं!" शेजारच्या टेबलावरच्या बाईही हसल्या. मी हसलो नाही, त्याबद्दल क्षमस्व. त्यानंतर मला मुलीच्या आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले आणायला सांगितले. ते दिले. मग ते 'अजूनही मृत आहेत' असा ताजा दाखला मागितला. महोदय, मेलेला माणूस मेलेलाच राहतो, एवढी एक गोष्ट तरी आपल्या कार्यालयाने कायम धरून चालावी, अशी विनंती मी तेव्हाही केली होती. लिपिक म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण नियमात तसं नाही."

५. त्यासाठीही मी खेपा घातल्या. अखेर एके दिवशी शिपाई स्वतः घरी लखोटा घेऊन आला. मामीने पाकीट फोडले, मनीला जवळ घेतले, आणि आम्ही तिघांनी मिळून वाचले. आपल्या मोहोरेखाली लिहिले होते की, अर्जदाराच्या पालकत्वामागील 'फॉर द टाइम बीइंग' हे शब्द काढून टाकण्यात येत आहेत, फॉर द टाइम बीइंग.

हा कागद टाईप करणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, त्यात काही वावगे दिसले नाही. हॉस्पिटलच्या गृहस्थांना दिसले. त्यांनी तो दोन बोटांनी धरून परत दिला. मामी मला म्हणाली, "तुम्ही दोर तपासता, ते कागद तपासतात. तुमच्या हातून असं झालं असतं तर माणसं खाली आली असती." मी म्हणालो, इथेही येतील, जरा सावकाश येतील.

६. त्यानंतर मी आपली समक्ष भेट घेतली. आपण चहा घेत होता. आपण मला बसा म्हणालात, हे नमूद करतो, कारण आपल्याविषयी चांगले लिहिण्यासारखे तेवढेच आहे. आपण म्हणालात, "इतकी वर्षं चाललंच ना? घाई कसली? उद्या खरा हक्कदार उभा राहिला तर उत्तर कोण देणार?" मी म्हणालो, साहेब, इतक्या वर्षांत कोणी तिची साधी चौकशी केली नाही. आणि आलाच कोणी, तर त्याला ऐकू येणारी मुलगी द्यायला नको का? आपण "बघतो" म्हणालात. आपल्या त्या शब्दामागे शेपूट नव्हते, पण त्याला डोकेही नव्हते. आपल्या खुर्चीवर उद्या एखादी उशी ठेवली, तर तीही बघतो म्हणेल आणि चहा तरी सांडणार नाही.

७. सबब हा अर्ज. यात मी शेवटी विनंती करणार, असे आपण धरून चालला असाल. विनंती नाही. आपल्याला कळवण्यात येत आहे की, मनीचे ऑपरेशन उद्या सकाळी आहे. डॉक्टरीणबाई कचेरीतल्या गृहस्थांना म्हणाल्या, "मी कापणार आहे, मी सही घेईन. जबाबदारी माझी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तिचे कोण ते लिहा." मी 'मामा' लिहिले. तिसरे अक्षर लिहिले नाही. हा गुन्हा होत असेल तर खटला भरावा. मी कुठे पळून जात नाही, हे आपल्या इमारतीतल्या लिफ्टवरून तरी पटावे. ती दुरुस्त करायला मी फुकट तयार होतो, आणि आपण 'बघतो' म्हणाला होता.

चौकशीसाठी माणूस वॉर्डात पाठवायचा झाल्यास त्याला एवढे बजावावे की मुलीच्या उजव्या बाजूला उभे राहून बोल. उद्याचे ऑपरेशन उजव्याचे आहे, आणि ते वेळेत होत आहे. डाव्याचे राहिले. परवा मी तिला डावीकडून हाक मारली आणि ती वेणी घालत बसून राहिली. पुन्हा मारली. मग समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा हसून म्हणाली, "मामा, तू कधी आलास?"

आपला
(नम्र होतो, फार दिवस होतो),

सही/-
मनीचा मामा,
लिफ्ट मिस्त्री

दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

सोबत :
१) मूळ दाखला. परत करीत आहे.
२) दुरुस्तीचा दाखला. परत करीत आहे.
३) डाव्या कानाच्या तपासणीचा अहवाल. हा परत करू नये. आपल्या दप्तरी कायम ठेवावा.