इमानीच्या शाळेतून कोणी येत नाही

प्रिय आत्या,

तर कॉल कट झाला तेव्हा तू म्हणत होतीस, की शेजारी नवी चकाचक शाळा काढली म्हणून जुनी सुधारत नाही, ओस पडते. मी उत्तर देणारच होते, तेवढ्यात तुझं नेटवर्क गेलं. बाबा म्हणतात, नेटवर्क ठीक होतं, ताईनं फोन ठेवला. असो. आता लिहूनच सांगते, म्हणजे तुला मध्ये बोलता येणार नाही.

इथे अमेरिकेत मी शिकवते ती चार्टर स्कूल म्हणजे प्रायव्हेट नाही गं. सरकारी पैशावर चालते, फी नाही. फक्त कारभार बाकीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसकडे नाही, आमच्या स्वतःच्या बोर्डाकडे आहे. टाइमटेबल आम्ही ठरवतो, आणि मुलं शिकली नाहीत तर आमचा परवानाच जाऊ शकतो. मला हे जाम आवडतं. मॅथ्सला डबल पिरियड करूया म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात झालं पण. आम्ही मॉरिसव्हिलला राहतो, शाळा डरहॅमला, तुझा जावई शंतनू मला सोडतो. तो म्हणतो, तू पूर्ण रस्ता फ्रॅक्शन्सवर बोलतेस यार, मला आता पिझ्झा पण सुखानं कापता येत नाही.

तुझी आयडिया पण मी ढापली. तू मुख्याध्यापिका असताना शाळा सुरू व्हायच्या आधी वस्तीत एकेका घरी जाऊन बसायचीस ना, तसं मी इथे सुचवलं. प्रिन्सिपल लगेच हो म्हणाली. फक्त मी आपल्यासारखी न कळवता गेले, हातात चिवड्याचा डबा. माझ्या वर्गातल्या नायलाच्या आईनं दार उघडलं, माझा शाळेचा बॅज बघितला आणि तिचा चेहराच पडला. इथे टीचर घरी आली म्हणजे पोरीनं काहीतरी भयंकर केलेलं असणार. ती तिथूनच ओरडली, नायला, काय करून ठेवलंस तू? नायला रडायच्या बेतात. शेवटी चिवड्यानं वाचवलं. आता मी टेक्स्ट करून जाते, आणि मुलं मला मिस चिवडा म्हणतात.

त्याच घरात नायलाची मावसबहीण इमानी राहते. आमच्याकडे जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी काढतात. नायलाचं नाव निघालं, इमानीचं नाही. ती कोपऱ्यावरच्या जुन्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळेतच राहिली. तिकडे मॅथ्सचे टीचर सारखे सोडून जातात. मी नायलाला शिकवायला बसले, की ही पण खुर्ची ओढते, चिवड्यातले दाणे वेचून खाते आणि नायलाच्या आधी उत्तर देते. एकदा खाता खाता तिनं सहज विचारलं, मिस चिवडा, माझ्या शाळेतून आमच्या घरी कोणी का येत नाही? मी सगळा डबाच तिच्यापुढे सरकवला.

मी प्रिन्सिपलला सांगितलं. ती म्हणाली, चार्टरची मूळ आयडिया हीच तर होती, इथे करून बघायचं आणि जमलं की बाकीच्या पब्लिक स्कूल्सना द्यायचं. दुसरा भाग आपण विसरलो. मग ती मला घेऊन इमानीच्या शाळेत गेली. तिथल्या प्रिन्सिपल मिसेस ग्रांट म्हणाल्या, आधी आमची मुलं नेलीत, आता आम्हाला शिकवायला पण येणार का? अगदी तुझा टोन. मी गालातल्या गालात हसले, आणि त्यांनी ते पाहिलं. पण आठवड्याभरानं आमच्या प्रिन्सिपलला त्यांचाच फोन आला. रिझल्ट सुधारला नाही तर डिस्ट्रिक्ट त्यांची शाळा बंद करणार आहे. पुढचं वर्ष तुमच्या त्या टीचरला, म्हणजे मला, आमच्याकडे पाठवा म्हणाल्या. चिवड्यासकट.

शुक्रवारी उत्तर द्यायचंय. मला जायचंय, शंतनू पण जा म्हणतो. मग हे पत्र कशाला? तुझी महापालिकेची शाळा आणि माझी इंग्लिश मीडियमची, मध्ये एकच भिंत होती. आईबाबांनी मला भिंतीच्या इंग्लिश बाजूला घातलं तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, उलट माझा टाय तूच बांधून द्यायचीस. मग ज्यांना जमलं ती वस्तीतली मुलं पण हळूहळू आमच्याकडे आली. मी कॉलेजात असताना तुझी शाळा बंद झाली आणि शेवटचं कुलूप तू लावलंस. घरी त्यावर कोणी बोललं नाही, तू पण नाही. फोनवर विचारलं तर तुझं नेटवर्क पुन्हा जाईल, म्हणून इथे विचारते. तेव्हा आमच्या शाळेतली एखादी टीचर भिंतीपलीकडून तुझ्याकडे शिकवायला आली असती, तर तू तिला आत घेतलं असतंस का? आणि खरं सांग, तेवढ्यानं शाळा वाचली असती, असं तुला वाटतं का?

तुझीच,
कादंबरी