क्लिअरचा सहावा हात

मी, वय वर्षे बावन्न, पूर्वी छापखान्यात शाई मिसळणारा आणि गेली अकरा वर्षे घरच्या घरी गिटारी रंगवणारा, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्याच मनाने, आपल्याच अक्षरात हे लिहून ठेवतो. माझ्या पश्चात याप्रमाणे वागावे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, कारण यापूर्वी मला मरणाची भीती वाटलेली नव्हती.

भीतीचे कारण आधी नोंदवतो. तेरा दिवसांपूर्वी मी मुलीच्या गिटारच्या बॉडीवर क्लिअरचे पाच हात मारले. क्लिअर म्हणजे रंगावरचा काचेसारखा थर. त्यात थर कडक करणारा हार्डनर मिसळावा लागतो आणि त्याचा फवारा छातीला घातक असतो, हे डब्यावर छापलेले आहे. मी ते वाचले होते. धूळ बसू नये म्हणून मी बाथरूमची फरशी ओली केली, खिडकी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. तोंडावर मास्क होता, पण प्रत्येक हातानंतर तो खाली ओढून मी वास घेत होतो. हात सुकला की नाही हे मी नाकाने ओळखतो, घड्याळाने नाही. कोणी शिकवले नाही, माझे मी शिकलो, आणि त्याची मला घमेंड होती.

बाहेरून पत्नी म्हणाली, "अहो, खिडकी तरी उघडा."

मी म्हणालो, "धूळ बसली तर तू काढणार आहेस का?"

संध्याकाळी छाती आवळली. श्वास आत जाई, पण बाहेर यायचे नाव घेईना. दोन दिवस ऑक्सिजनवर होतो. घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुन्हा हा फवारा आत गेला तर तुम्ही माझ्यापर्यंत पोहोचाल याची खात्री मी देत नाही. आणि मास्क लावला होता वगैरे मला सांगू नका."

कलम १. राहते घर आणि बँकेत जे असेल ते सर्व पत्नीचे. कोणी हरकत घेऊ नये. आयुष्यात मी एवढे एकच काम तिला विचारून करतो आहे.

कलम २. कॉम्प्रेसर, स्प्रे गन, पॉलिशचे मशीन आणि त्याचे पॅड नाक्यावरच्या गॅरेजमधल्या पेंटरला द्यावेत. खरखरीत आणि मऊ पॅड एकाच बादलीत धुऊ नयेत. एक कण इकडचा तिकडे गेला की चकाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात. हे वाचून तो हसेल. गाडीच्या दाराला चालत असेल, गिटारला चालत नाही.

कलम ३. रंगांची वही मुलीला. फसलेल्या छटांची पाने फाडू नयेत, तीच जास्त उपयोगाची आहेत.

कलम ४. वाद्यांच्या दुकानाचे मालक यांना काहीही देऊ नये. माझी पहिली गिटार त्यांनी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "घरी रंगवलेली दिसते." मी त्यांना माफ केलेले नाही. मेल्यावर करीन असेही कोणी धरून चालू नये.

कलम ५. निळी-हिरवी गिटार मुलीची. गुरुवारी ती शिकायला दुसऱ्या गावी जाते आहे, गिटार सोबत न्यायची आहे. काल मी पाण्याच्या पॉलिश पेपरने बॉडी घासायला घेतली. कडेला थर पातळ असतो, म्हणून कडांना आधी टेप लावायची, हे मी दहा जणांना शिकवले आहे. काल मी स्वतः टेप लावली नाही. माझे सगळे लक्ष स्वतःच्या श्वासाकडे होते. मी श्वास मोजत होतो. मागच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचे पोट टेकते तिथे, नखाएवढ्या जागेत क्लिअर आणि रंग दोन्ही उडून खालचा पांढरा प्रायमर उघडा पडला.

मुलगी म्हणाली, "बाबा, ते पोटाशी येतं. दिसणार कुणाला?"

"मला."

"तुम्ही काय माझ्या पोटात बसून येणार आहात?"

कलम ६. सबब उद्या सकाळी, पत्नी कामावर आणि मुलगी बाहेर गेल्यावर, मी त्या जागी रंग देऊन क्लिअरचा सहावा हात मारणार आहे. काम अकरा मिनिटांचे आहे. काही बरेवाईट झाल्यास कोणालाही जबाबदार धरू नये. मी बाथरूममध्ये पडलेला आढळलो तर घाईने आत शिरू नये, फवारा बराच वेळ हवेत राहतो; आधी मागच्या बाजूने खिडकीची काच फोडावी.

येथपर्यंतचा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना स्वयंपाकघरात बसवून वाचून दाखवला. पुढे जे झाले तेही लिहितो, कारण कागद अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

पेंटरने पेनाचे टोपण परत लावले. "मास्तर, हे मृत्युपत्र नाही. ही आत्महत्येची चिठ्ठी आहे. मी सही करत नाही."

"तुला कामातलं काय कळतं?"

"मला नळीने बाहेरची हवा देणारा मास्क लावायचं कळतं. मोठा पंखा लावून काम करायचं कळतं. तुमच्याइतकं बारीक नाही येत मला, पण मी संध्याकाळी घरी जाऊन जेवतो."

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताई, दुसऱ्या साक्षीदार, एवढेच म्हणाल्या, "भाऊ, ते दार पहिलं कोण उघडणार, त्याचंही नाव घाला ना तिथे. कागद पक्का होईल."

मी पेन उचलले. दुपारी एकला घरी कोण येते हे मला माहीत आहे. काच फोडायला मागे धावत जाणाऱ्यांपैकी ती नाही. ती "बाबा" म्हणून सरळ आत शिरेल. मला तिचे नाव लिहिता आले नाही. त्यानंतर बराच वेळ मला श्वास घेता येत नव्हता आणि त्या वेळी घरात कसलाही फवारा नव्हता.

पत्नी दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. हार्डनरचा डबा आणून तिने पेंटरच्या पुढ्यात ठेवला.

दुरुस्ती. कलम ६ पूर्ण खोडले आहे. खोडलेले वाचता येते, तसेच राहू द्यावे. सहावा हात पेंटर त्याच्या गॅरेजमध्ये मारेल. तो कडेला जाड मारेल, हे मला आत्ताच दिसते आहे. मारू दे. उरलेला हार्डनर या घरात परत येणार नाही. भीती गेली असे मात्र कोणी समजू नये. उद्या त्या अकरा मिनिटांत मी पत्नीला तिच्या कामापर्यंत चालत सोडायला जाणार आहे. वाटेत तीनदा टेकावे लागेल, असे ती म्हणते. मी दोनदा म्हणतो.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: पाचव्या हातानंतरचा तेरावा दिवस, रविवार

लिहून देणार: (सही)
खोडलेल्या जागी: (सही) (सही) (सही)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. पेंटर, नाक्यावरचे गॅरेज (सही, डबा मिळाला)
२. शिवणकाम करणाऱ्या ताई, शेजारचे दार (सही)