चूक दिसू नये म्हणून

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. वृद्धाश्रमाचं ऑफिस तळमजल्यावर, खिडकीत कुंड्या, खुर्ची चक्क न कुरकुरणारी. काम एक्सेलची शीट सांभाळण्याचं. तिच्यातून रोज औषधांची यादी छापायची. ती घेऊन सिस्टर खोल्याखोल्यांतून फिरतात. आधीचा ऑपरेटर कंटाळून पळाला, तू किती टिकतोस बघू, असं त्या हसत म्हणाल्या. पहिल्या खोलीतल्या मास्तरांनी माझं शुद्धलेखन तपासून मला पास केलं.

मंगळवार, ४
शीटमध्ये जागोजागी #N/A ही एरर. औषधाच्या नावामागे एखादी जादा स्पेस राहिली, की फॉर्म्युल्याला ते नाव सापडत नाही. एकेक शोधत बसायला वेळ नव्हता, सिस्टर डोक्यावर उभ्या. म्हणून सगळ्या फॉर्म्युल्यांना इफएरर लावलं: चूक आली, की रकाना कोरा. कोऱ्या ओळी यादीत छापल्याच जात नाहीत. यादी कशी स्वच्छ निघाली! हात आहेत की जादू, असं सिस्टर म्हणाल्या. स्पेस उद्या काढीन.

शुक्रवार, ७
मास्तर गेले. हृदय बंद पडलं. वय झालं होतं, असं सगळे म्हणतायत.
शीट उघडली. त्यांची ओळ कोरी. मंगळवारपासून ते यादीत नव्हतेच. सिस्टरना वाटलं, डॉक्टरांनीच त्यांची हृदयाची गोळी बंद केली. उद्या-उद्या करत ती स्पेस मी तशीच ठेवली होती.
मी त्यांची ओळच काढून टाकली. कुणाला बोललो नाही.

शनिवार, ८
मास्तरांची ओळ परत आलीय. एक ओळ खाली, शेजारच्या खोलीतल्या काकूंच्या जागी. #N/A. इफएरर असताना ते दिसायलाच नको.
काकूंचं इन्सुलिन गायब. पुन्हा टाइप केलं. शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर पुसलं गेलं — मी कीबोर्डला हातही लावला नव्हता.
मग यादीवर पेनानं लिहिलं. कुठे काय लिहिलंयस, चष्मा मला लागलाय की तुला, असं सिस्टरनी विचारलं. कागद कोरा होता.

रविवार, ९
काकू अर्धवट शुद्धीत. सिस्टरना सांगायला गेलो — आवाज फुटेना. बोल की, मिठाची गुळणी धरलीस का, म्हणाल्या.
चिठ्ठी लिहिली. त्यांच्या हातात पडेपर्यंत कोरी.
आता ही वहीच. कुणी वाचली तर काकू अजून वाचतील — त्यांना इन्सुलिन द्या — डॉक्टरांनी बंद केलेलं नाही —
वरची ओळ फिकट होतेय. घाईनं लिहितो. मास्तरांची गोळी चुकली, कारण त्या मंगळवारी मी